हातांत मावणारें खेळयंत्र

एखादी वस्तु बाजारांत तयार मिळूं लागली, म्हणजे ती घडविण्याची विद्या घरांतून हळूहळू निघून जाते. शेवया, गोधडी, भोंवरा, विटीदांडू, यांपैकीं कोणतीही वस्तु घ्या. आमच्या आजोबांच्या पिढीनें ती स्वतःच्या हातानें केली, आमच्या वडिलांच्या पिढीनें ती करतांना पाहिली, आणि आम्ही ती दुकानांतून आणतों. खेळण्यांच्या बाबतींत तर ही गोष्ट अगदीं टोंकास गेली आहे. आज मुलांचा खेळ मोबाईलच्या कांचेआड असतो. तो कोणीं रचला, कसा रचला, आंत काय आहे, हें खेळणारास ठाऊक नसतें, आणि विचारावें असेंही त्यास वाटत नाहीं. पालक रागावतात, मुलें रुसतात, आणि खेळ मात्र चालूच राहतो.

या भांडणांतून एक तिसरी वाट निघते. ती म्हणजे खेळाचें यंत्र आपल्याच हातानें बनविणें. कर्नाळ्याच्या परिसरांत राहणाऱ्या आम्हां चौघां विद्यार्थ्यांनीं गेल्या वर्षीं ती वाट धरली. हातांत मावेल, पेन्सिल सेलांवर चालेल आणि ज्यांतील प्रत्येक ठिपक्याचा हिशेब आम्हांस सांगतां येईल, असें एक लहानसें यंत्र आम्हीं तयार केलें. त्याची रचना वाचकांस समजावून सांगावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे. त्यांत आमच्या चुकाही दिल्या आहेत. कारण पुस्तकांनीं शिकविलें त्याहून चुकांनीं आम्हांस अधिक शिकविलें.

शाळेच्या प्रयोगशाळेंतील सोल्डरिंगची कांडी व मल्टीमीटर यांची गरज असल्यामुळें आम्ही प्रथम प्रिन्सिपॉल फादरांकडे परवानगी मागावयास गेलों. आमचा मूळ बेत असा होता कीं, पत्त्याएवढा एक तयार संगणक आणावा, त्यांत जुने नांवाजलेले खेळ इंटरनेटवरून उतरवून भरावे, आणि तो एका डबींत बसवावा. फादरांनीं सर्व शांतपणें ऐकून घेतलें व एकच प्रश्न विचारला, "मुलांनो, हे खेळ ज्यांचे आहेत, त्यांनीं ते तुम्हांस दिले आहेत काय?" या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हतें. खेळ जुना झाला म्हणून त्यावरील कर्त्याचा हक्क लगेच संपत नाहीं. आणि परवानगीवांचून त्याची नक्कल उतरून घेणें हें दुसऱ्याच्या झाडाचे आंबे पाडण्यासारखेंच आहे, मग तें झाड कितीही जुनें असो. अखेर फादरांनीं परवानगी दिली, पण तीन अटींवर. खेळ आमचा आम्हींच रचावा. पडद्यावरील अक्षरें मराठी असावीं. आणि अभ्यासास धक्का लागल्यास काम त्याच दिवशीं थांबवावें. पहिली अट आम्हांस कठीण वाटली, दुसरी सोपी वाटली, आणि तिसरीकडे आम्हीं लक्षच दिलें नाहीं. तिन्ही बाबतींत आमचा अंदाज चुकला, हें पुढें दिसून येईल.

थोडा पूर्वइतिहास

हातांत धरून खेळावयाच्या यंत्रांचा इतिहास फार जुना नाहीं. जपानांतील क्योटो शहरीं १८८९ सालीं खेळण्याचे पत्ते तयार करणारी निन्टेंडो नांवाची पेढी निघाली. त्याच पेढींतील गुनपेई योकोई या कल्पक गृहस्थानें १९८० सालीं 'गेम अँड वॉच' हें खिशांत मावणारें खेळणें काढलें. आगगाडींतील एक कंटाळलेला प्रवासी आंकडेमोडीच्या यंत्राचीं बटणें उगीच दाबीत बसला होता, तें पाहून योकोई यांस ही कल्पना सुचली, असें सांगतात. पुढें १९८९ सालीं 'गेम बॉय' निघाला. त्याचा पडदा १६० × १४४ ठिपक्यांचा व अवघ्या चार छटांचा असून तो चार पेन्सिल सेलांवर चाले. त्याच वर्षीं रंगीत पडद्याचें एक प्रतिस्पर्धी यंत्रही बाजारांत आलें होतें. परंतु तें सहा सेल कांहीं तासांतच संपवी. साधा गेम बॉय व त्याची पुढील रंगीत आवृत्ति मिळून अकरा कोटींहून अधिक नग विकले गेले. नव्यांतील नवें व महाग तेंच घ्यावें असें नाहीं; जुनें, स्वस्त व पूर्णपणें परिचित झालेलें साहित्य नव्या रीतीनें वापरावें, हें योकोई यांचें तत्त्व होतें. ज्यांची मिळकत म्हणजे दिवाळीची ओवाळणी, अशा आमच्यासारख्यांस हें तत्त्व फारच मानवलें.

आपल्याकडे जत्रेंत व स्टेशनरीच्या दुकानांत मिळणारा 'ब्रिक गेम' आमच्या पालकांपैकीं पुष्कळांच्या ओळखीचा असेल. त्याच्या डबीवर ९९९९ खेळ असल्याचें छापलेलें असे. परंतु त्याचा पडदा १० × २० म्हणजे अवघ्या दोनशें चौकोनांचा होता, आणि त्यांतील मुख्य खेळ एकच, पडत्या विटा रचण्याचा. तो मूळ खेळ मॉस्को येथील अलेक्सेई पाजित्नोव यांनीं १९८४ सालीं रचला. दोनशें चौकोनांत जग रमूं शकतें, हा त्यापासून घेण्यासारखा धडा आहे.

स्वतः यंत्र बनविणाऱ्यांस खरी सोय झाली ती २००५ सालीं. इटलींतील इव्रेआ या गांवीं विद्यार्थ्यांस परवडावी म्हणून 'आर्दुइनो' नांवाची एक पाटी तयार करण्यांत आली, आणि तिचे आराखडे सर्वांस खुले ठेवण्यांत आले. त्यामुळें ती कोणासही बनवितां येऊं लागली व स्वस्त झाली. अमेरिकेंतील केव्हिन बेट्स यांनीं अशाच जातीच्या एका चिपवर चालणारें, पत्त्याएवढें 'आर्डुबॉय' नांवाचें खेळयंत्र २०१४ सालीं करून दाखविलें. आमच्या यंत्राचा वंश हाच आहे. आणि करतां करतां शिकण्याच्या पद्धतीविषयीं बोलावयाचें, तर त्यासाठीं परदेशीं पाहण्याचें कारण नाहीं. पुणें जिल्ह्यांतील पाबळ येथें डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ सालीं स्थापिलेल्या विज्ञान आश्रमानें हाच मार्ग दाखवून दिला आहे.

साहित्य

साहित्य आणावयास आम्ही मुंबईस लॅमिंग्टन रोडला गेलों. या रस्त्याचें आजचें नांव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण विजेच्या सुट्या भागांचा बाजार जुन्याच नांवानें ओळखला जातो. पनवेलहून हार्बर मार्गानें कुर्ला, तेथून दादर, व तेथें गाडी बदलून ग्रँट रोड, असा हा प्रवास आहे. आम्हीं घेतलेलें साहित्य असें: 'नॅनो' नांवाची लहान आर्दुइनो पाटी एक, १२८ × ६४ ठिपक्यांचा, पाऊण इंचाहून थोडा अधिक रुंद असा ओलेड पडदा एक, दाबावयाचीं लहान बटणें सहा, बझर एक, तीन पेन्सिल सेल बसतील असा साचा, चालू-बंद करण्याची कळ, एक डायोड, तारा, आणि भोकें पाडलेला बोर्ड, ज्यास दुकानदार 'झिरो पीसीबी' म्हणतात. यंत्राचें घर म्हणून प्रवासांत नेतात ती प्लास्टिकची साबणदाणी घेतली. सर्व मिळून सातशें रुपयांच्या आंतबाहेर खर्च आला.

जोडणी सोल्डरनें करावयाची. हें काम घरोघरीं येणाऱ्या कल्हईवाल्याच्या कामासारखेंच आहे. तो भांडें तापवून, नवसागरानें मळ काढून, मग कथील फिरवितो. सोल्डर म्हणजे कथील व शिसें यांचा मिश्र धातु असून तो सुमारें १८३ ते १९० अंश सेंटिग्रेडला वितळतो, आणि नवसागराच्या जागीं येथें राळ असते. नियमही तोच: प्रथम जोडावयाची जागा तापवावी, मग धातु लावावा. कांडीवर धातु वितळवून थंड जागेवर ठेवला, तर तो मोत्यासारखा गोल बसतो. जोड दिसतो, पण वीज जात नाहीं. आमचे पहिले अकरा जोड असे मोत्यासारखे झाले होते. शिसें विषारी असल्यामुळें काम झाल्यावर हात साबणानें धुवावे, आणि काम करतांना कांहीं खाऊं नये. खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवाव्या, व वडील माणूस जवळ असावें.

यंत्राची बुद्धि आणि तिची पाटी

नॅनोवरील चिपचें नांव ॲटमेगा ३२८ पी. ती सेकंदास १ कोटी ६० लक्ष ठोके घेते, म्हणजे वेगाची तिच्याजवळ वाण नाहीं. वाण आहे ती स्मरणशक्तीची. तिच्याजवळ तीन प्रकारची स्मृति असते. पहिली छापील पुस्तकासारखी: तींत आज्ञावली व चित्रें लिहून ठेवावयाचीं, ती ३२,७६८ बाइटांची आहे. दुसरी शाळेंतल्या पाटीसारखी: तीवर चिप आंकडेमोड करते, पुसते, पुन्हां लिहिते, आणि वीज जातांच ती कोरी होते, ही अवघी २,०४८ बाइटांची. संगणकाच्या प्रचलित पद्धतींत एका देवनागरी चिन्हास तीन बाइट लागतात. तेव्हां या सबंध पाटीवर ६८२ चिन्हें मावतील. तिसरी १,०२४ बाइटांची असून वीज गेली तरी टिकते. तींत सर्वांत अधिक गुणांचा आंकडा ठेवावा. मात्र या तिसऱ्या स्मृतीच्या एकाच जागीं सुमारें एक लक्ष वेळांच लिहिण्याची हमी असते. म्हणून उच्चांक मोडला तरच लिहावें, प्रत्येक खेळास लिहूं नये.

आतां पडद्याचा हिशेब पाहूं. १२८ × ६४ म्हणजे ८,१९२ ठिपके. प्रत्येक ठिपका पेटलेला किंवा विझलेला, एवढीच गोष्ट लक्षांत ठेवावयाची. एका बाइटांत असे आठ ठिपके मावतात; म्हणून संपूर्ण चित्रास ८,१९२ ÷ ८ = १,०२४ बाइट लागतात. वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल कीं, चिपची अर्धी पाटी या एका चित्रानेंच भरली! उरलेल्या अर्ध्या पाटीवर खेळाडूची जागा, गुण, शत्रूंच्या हालचाली व बाकीचा सर्व संसार उरकावा लागतो. आम्हीं प्रथम सूचनांचीं वाक्यें पाटीवरच ठेविलीं. यंत्र मध्येंच वेडेवांकडे ठिपके दाखवून थांबूं लागलें. आम्ही पडद्यास दोष देत राहिलों. दोष आमच्या पसाऱ्याचा होता. जें कधीं बदलत नाहीं तें पुस्तकांत ठेवावें, जें बदलतें तेंच पाटीवर लिहावें, हा नियम पाळतांच यंत्र शुद्धीवर आलें.

ठिपक्यांची रांगोळी

पडद्यावरील चित्र आणि ठिपक्यांची रांगोळी यांत तत्त्वतः भेद नाहीं. आमच्या खेळाचें नांव 'कर्नाळा'. कर्नाळ्याच्या किल्ल्यावरील अंगठ्यासारखा उभा राहिलेला, सुमारें सव्वाशें फूट उंचीचा काळ्या दगडाचा सुळका महामार्गावरून जाणाऱ्या प्रत्येकानें पाहिला असेल. त्यावर मधमाश्यांचीं पोळीं असतात, आणि गडावर जाणारांस त्यांना न डिवचण्याची ताकीद दिली जाते. १९६८ सालापासून या डोंगराचें रान पक्ष्यांचें अभयारण्य आहे. तेव्हां खेळ असा रचला: एका मुलानें पायथ्यापासून सुळक्यापर्यंत वर चढावयाचें, वाटेंत लांब शेपटीचा स्वर्गीय नर्तक दिसल्यास थांबून त्यास पाहावें, म्हणजे गुण मिळतात, माशी अंगास लागल्यास खेळ संपतो. पक्ष्यास मारण्याचें बटण या खेळांत नाहीं.

मधमाशी कशी काढतात, तें वाचकांनीं चौकटीच्या वहींत करून पाहावें. आठ ओळी व प्रत्येक ओळींत आठ घरें घ्या. डावीकडून उजवीकडे घरांच्या डोक्यावर १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १ असे आंकडे लिहा. जें घर भरावयाचें, त्याच्या डोक्यावरील आंकडा घ्यावा. ओळींतील अशा आंकड्यांची बेरीज म्हणजे त्या ओळीचा बाइट. उदाहरणार्थ, मधलीं चार घरें भरलीं तर ३२ + १६ + ८ + ४ = ६०. आतां उलट करा. आमच्या माशीच्या आठ ओळींचे आंकडे अनुक्रमें ३६, २४, १२६, २१९, २५५, ६०, ६०, २४ असे आहेत. प्रत्येक आंकडा फोडून घरें भरा, म्हणजे शिंगें, पंख व पोट असलेली माशी वहींत उतरेल. यंत्राजवळ माशी नाहीं, हे आठ आंकडेच आहेत. माशी आपल्या डोळ्यांत तयार होते.

आणि येथेंच ती सोपी वाटलेली दुसरी अट आम्हांस नडली. आम्हीं वापरलेल्या आज्ञासंग्रहांत रोमन अक्षरें तयार होतीं, देवनागरी नव्हतीं. रोमन अक्षर एकएकटें उभें राहतें. त्यास आठ ओळी पुरतात. आपल्या अक्षरास डोक्यावर शिरोरेषा, तिच्याही वर रफार व मात्रा, पायाखालीं उकार, आणि शेजाऱ्याशीं जोडलेला हात! आठ ओळींत 'ळ' काढला तो आम्हांसच वाचतां येईना. शेवटीं असें ठरविलें कीं, एकेक अक्षर न काढतां पूर्ण शब्दाचेंच चित्र काढावें. खेळास शब्द किती लागतात? 'गुण', 'पुन्हां', 'खेळ संपला' आणि खेळाचें नांव, एवढेच. 'कर्नाळा' हा शब्द ९६ ठिपके रुंद व २४ ठिपके उंच काढला. त्यास २८८ बाइट लागले. रफारास तीनच ठिपके मिळाले. पण ते कोठें ठेवावे, यावर आमची एक संपूर्ण दुपार गेली. एक ठिपका उजवीकडे सरकला कीं, रफार 'ना' वरून निघून 'ळा' वर जाऊन बसे, आणि गांवाचें नांवच बदले. शुद्धलेखनाचे गुण गुरुजी उगीच कापत नाहींत, हें त्या दुपारीं आम्हांस पटलें.

बटण, वेळ आणि आवाज

बटणाची एक गंमत आहे. गोटी फरशीवर टाकली तर ती एकदांच न पडतां तीनचार लहान उड्या मारते. बटणांतील धातूची पट्टीही तशीच कांहीं सहस्रांश सेकंद थरथरते. आपण एकदां दाबतों. पण चिप इतकी चपळ कीं, तिला तें पांचसहा वेळां दाबल्यासारखें दिसतें. आमचा मुलगा एका पायरीऐवजीं कधीं तीन, तर कधीं पांच पायऱ्या चढे. यावर उपाय सोपा आहे: बटण दाबल्याचें प्रथम दिसतांच वीस सहस्रांश सेकंद थांबावें, पुन्हां पाहावें, व तरीही दाबलेलें असेल तरच तें खरें मानावें. ऐकीव बातमीसही हाच नियम लावल्यास बरें होईल, असें आमच्यापैकीं एकाच्या वडिलांनीं म्हटलें.

खेळ हलता दिसावा म्हणून चित्र पुनःपुन्हां काढावें लागतें. यंत्राचें चक्र असें: बटणें पाहा, मुलास व माश्यांस सरकवा, कोणी कोणास लागलें काय तें तपासा, चित्र काढा, पडद्याकडे पाठवा, आणि पुन्हां आरंभ करा. चिपकडून पडद्याकडे चित्र दोनच तारांवरून जातें: एका तारेवर ठोका, दुसरीवर माहिती. एक बाइट पोंचविण्यास नऊ ठोके लागतात. आठ ठिपक्यांचे व एक पोंचल्याच्या पावतीचा. म्हणजे १,०२४ × ९ = ९,२१६ ठोके. आरंभीं आमच्या तारेचा वेग सेकंदास एक लक्ष ठोके होता. त्यामुळें एका चित्रास ०.०९२ सेकंद लागे व सेकंदांत जेमतेम दहा चित्रें जात. मुलगा पायऱ्या चढण्याऐवजीं ठेंचकाळत वर जाई. पडदा चार लक्ष ठोके सोसतो असें त्याच्या माहितीपत्रकांत वाचल्यावर वेग वाढविला, चित्र ०.०२३ सेकंदांत पोंचूं लागलें. मग सेकंदास तीस चित्रांचा नियम केला. प्रत्येक चित्राच्या वांट्यास सुमारें ३३ सहस्रांश सेकंद येतात. त्यांतील २३ पाठविण्यांत जातात, उरतात १०. एवढ्या अवकाशांत चिप एक लक्ष साठ हजार ठोके घेते, आणि इतके ठोके आमच्या खेळास पुरून उरतात.

आवाजाची व्यवस्था याहून साधी आहे. बझरला जोडलेल्या तारेंत वीज सेकंदास २४० वेळां चालू-बंद केली कीं 'सा' ऐकूं येतो; ३६० वेळां केली कीं 'प'; ४८० वेळां केली कीं वरचा 'सा'. गायनाच्या तासाला शिकविलेलें दीडपट व दुप्पट यांचें नातें येथें कानांनीं पडताळून पाहतां येतें. सुळका सर केल्यावर आमचें यंत्र हे तीन स्वर क्रमानें म्हणतें.

विजेचें पोट आणि एक दुर्घटना

प्रत्येक पेन्सिल सेल दीड व्होल्टचा. तीन मिळून साडेचार. या वेगानें चालणाऱ्या चिपला सुमारें ३.८ व्होल्ट तरी हवे असतात, म्हणून दोन सेल पुरत नाहींत. मोबाईलमधील लिथियम सेल हलका व जोरकस असतो. परंतु तारा एकमेकींस चिकटल्यास किंवा सेलास भोंक पडल्यास तो पेट घेतो. नवशिक्यानें त्याच्या वाटेस जाऊं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. पेन्सिल सेलांवर आमचें यंत्र तीस ते चाळीस मिलिअँपिअर वीज घेतें. एका जोडींत कित्येक दिवस रोज अर्धा तास खेळतां येतें.

पहिल्या दिवशीं मात्र उतावीळपणें आम्हीं साच्याची तांबडी तार काळीच्या जागीं जोडली. कळ दाबली, पडदा पेटला नाहीं. बोट लावून पाहिलें तों चिप चटका बसण्याइतकी तापली होती. क्षणांत कळ बंद केली, पण ती चिप पुन्हां बोलली नाहीं. ओवाळणीच्या पैशांचा मोठा भाग असा एका चुकीनें जळाला. दुसरी पाटी आणल्यावर आम्हीं तांबड्या तारेंत डायोड घातला. विहिरीवरील पंपाचा फूटव्हॉल्व्ह जसा पाणी एकाच दिशेनें जाऊं देतो, तसा डायोड वीज एकाच दिशेनें जाऊं देतो. त्यांत व्होल्टचा कांहीं भाग खर्च होतो, तो सोसावा. हा डायोड पहिल्या दिवशींही आमच्या खोक्यांत होता. नंतर लावूं, असें म्हणून आम्हीं तो बाजूस ठेविला होता.

तिसरी अट

आतां तिसऱ्या अटीचें सांगावयाचें राहिलें. सहामाही परीक्षेंत आमच्यापैकीं एकाचे गणिताचे गुण बरेच उतरले. खेळ खेळून नव्हे. यंत्र बनवितां बनवितां. आम्हांस वाटलें, हा तर अभ्यासच आहे, फादर समजून घेतील. त्यांनीं समजून घेतलें, परंतु अट सोडली नाहीं. "चांगलें कामही वेळेच्या चोरीनें केलें तर तें चोरीचेंच होतें," एवढेंच ते म्हणाले, आणि साबणदाणी कपाटांत गेली. सहा आठवड्यांनीं, त्या सोबत्यानें चांचणी परीक्षेंत आपली जागा परत मिळविल्यावर, कपाट उघडलें. पाहतों तों तिन्ही सेल संपलेले. रागाच्या भरांत कळ बंद करण्याचें कोणाच्याच ध्यानांत आलें नव्हतें. त्यानंतर काम फक्त रविवारीं, दुपारीं दोन ते पांच, असा नेम केला, आणि तो मोडला नाहीं. विशेष हें कीं, काम पूर्वीपेक्षां लवकर झालें. कारण आठवडाभर विचार होई, आणि रविवारीं फक्त हात चालत.

यंत्र पूर्ण झाल्यावर तें प्रथम ज्यांच्या हातीं पडलें, त्या आमच्या एका सोबत्याच्या आजी. त्या मोबाईलला हात लावीत नाहींत. त्यांतील अक्षरें आपलीं नव्हेत, असें म्हणतात. त्यांनीं साबणदाणी उलटसुलट करून पाहिली, कळ दाबली, चष्मा कपाळावरून खालीं ओढला, आणि एकेक अक्षर लावीत वाचलें, "क... र्ना... ळा. अरे, हा तर आपला कर्नाळा!" मग त्यांनीं खेळून पाहिलें. तिसऱ्या पायरीवर माशी लागली. "खेळ संपला," हेंही त्यांनीं मोठ्यानें वाचलें, आणि 'पुन्हां' दिसतांच पुन्हां बटण दाबलें. रफाराच्या त्या तीन ठिपक्यांसाठीं घालविलेली दुपार त्या क्षणीं आम्हांस वाया गेलीशी वाटली नाहीं.

पालकांनीं विचारावें कीं, इतकें करून मिळविलें काय? मुलें तर शेवटीं खेळतातच! खरें आहे. पण एक गोष्ट आमच्या अनुभवास आली, ती प्रामाणिकपणें सांगतों. स्वतः केलेला खेळ खेळून आम्ही आठवड्याभरांत कंटाळलों. मात्र त्यांत फेरफार करण्याचा कंटाळा अद्याप आलेला नाहीं. माश्यांचा वेग कोणत्या ओळींत आहे हें ज्यास ठाऊक आहे, त्यास त्या माश्या फार वेळ बांधून ठेवूं शकत नाहींत. आणि दुसऱ्यानें केलेला खेळ हातीं आला, म्हणजे आतां आम्ही मध्येंच थांबून विचारतों, हें यानें कसें केलें असेल? हा प्रश्न मनांत आला कीं खेळाचा अंमल थोडा कमी होतो, आणि खेळणारा पुन्हां आपल्या ताब्यांत येतो.

यंत्र सध्यां शाळेच्या प्रयोगशाळेंत ठेविलें आहे. ज्या विद्यार्थ्यास तें उघडून पाहावयाचें असेल, त्यानें खुशाल उघडावें. चार स्क्रू आहेत. आज्ञावलीही वहींत उतरून ठेविली आहे. पक्ष्यांपैकीं भृंगराज व शीळ घालणारा कस्तुर यांचीं चित्रें अजून काढावयाचीं राहिलीं आहेत. चौकटीची वही, शिसपेन्सिल आणि रविवारची दुपार, एवढें ज्याच्याजवळ असेल त्यानें तें काम हातीं घ्यावें. मात्र कळ बंद करण्यास विसरूं नये.